लष्कराच्या भाकऱ्या, पण पगारी: अमेरिकेतल्या सैनिक-कल्याण संस्था आणि त्यांच्या प्रमुखांचे पगार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी व्हर्जिनियात राहतो, नौदलाच्या तळापासून गाडीने अर्ध्या तासावर. ना-नफा संस्थांचे हिशेब बघणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे मंडळाच्या गणपतीला गेलो की आरती संपायच्या आत कुणीतरी काका खिशातून पाकीट काढतात आणि विचारतात, "अरे, हे सैनिकांचं आलंय. पाठवू का पैसे? आणि म्हणे यांचा साहेब लाखो डॉलर घेतो, ते खरं का?" दरवर्षी तेच प्रश्न आणि माझी तीच उत्तरं. म्हणून एकदाचं लिहून काढलं.

पाकिटात पत्त्याची लेबलं आहेत, कॅलेंडर आहे आणि खिडकीतून पाच सेंटचं नाणं दिसतंय. हे पाठवतं कोण?

नाव संस्थेचं असतं, पण पाकीट बहुतेक वेळा छापतो आणि टपालात टाकतो तो तिने नेमलेला ठेकेदार. नाणं का, तर नाणं असलेलं पाकीट कुणाला न उघडता फेकवत नाही. एकदा उघडलं की आत पाय गमावलेल्या जवानाचा फोटो असतो आणि फुकटची लेबलं घेतल्याची टोचणी लागते. आपल्याकडे याला आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात. या खर्चाकडे पुढे पुन्हा येऊ. प्रमुखाच्या पगाराइतकी त्याची बोंब होत नाही, पण रक्कम पुष्कळदा पगाराच्या कित्येक पट असते.

संस्था ना-नफा आहे ना? मग तिचा प्रमुख पगार कसा घेतो?

ना-नफा म्हणजे नफा वाटून घ्यायचा नाही, इतकंच. या संस्थांना भागधारक नसतात, शिल्लक उरली तर ती कामातच घालायची. पगार मात्र नफा नव्हे, खर्च आहे. कारकुनापासून प्रमुखापर्यंत सगळ्यांना तो रीतसर घेता येतो.

आपली अडचण मनातल्या चित्राची असते. मराठी माणसाच्या डोळ्यांपुढचा समाजसेवक झोळी घेऊन एसटीने फिरतो आणि मानधन घेतलं तर जरा ओशाळतो. बिनपगारी, परक्याच्या कामाला आपण म्हणतोच मुळी लष्कराच्या भाकऱ्या भाजणं. अमेरिकेत त्या भाकऱ्या भाजणं ही नोकरी आहे. तिला जाहिरात निघते, मुलाखत होते, पेन्शनही असते.

पगार असतो तरी किती?

लहान संस्थेत शून्यही असतो, मोठ्यांत काही लाख डॉलर. सगळ्यात गाजलेला आकडा जखमी सैनिकांसाठीच्या वूंडेड वॉरियर प्रोजेक्ट या संस्थेच्या तेव्हाच्या सीईओचा, स्टीव्हन नार्डिझी यांचा. २०१४ मध्ये त्यांचा पगार होता सुमारे ४,७३,००० डॉलर. राष्ट्राध्यक्षाला वर्षाला ४ लाख मिळतात, त्यामुळे "प्रेसिडेंटपेक्षा जास्त!" हे वाक्य तेव्हा सगळीकडे फिरलं.

मला ती तुलना फारशी पटत नाही, कारण राष्ट्राध्यक्षाला घर, विमान, आचारी असं सगळं सरकारी असतं. त्यापेक्षा बोचणारी तुलना दुसरी आहे. २०२४ साली चार तारे लावणाऱ्या जनरलचा मूळ पगार कायद्याने वर्षाला २,२१,९०० डॉलरवर अडकलेला होता. माजी सैनिकांचं सरकारी खातं, म्हणजे व्हीए, चालवणाऱ्या मंत्र्याच्या पदाचा कायद्याने ठरलेला दर त्या वर्षी २,४६,४०० डॉलर होता. त्या मंत्र्याच्या हाताखाली चार लाखांहून जास्त माणसं आहेत, देशभरची इस्पितळं आहेत. मग हजारभरसुद्धा माणसं नसलेल्या संस्थेच्या प्रमुखाला त्याच्यापेक्षा जास्त का? "सरकारी पगाराची आणि बाजाराची तुलना होत नाही" हे संस्थांचं ठरलेलं उत्तर. त्यात तथ्य आहे, पण देणगी काही बाजारातून येत नाही, लोकांच्या कळवळ्यातून येते, हेही तितकंच खरं.

वूंडेड वॉरियर प्रोजेक्टचं नेमकं काय झालं होतं?

ही गोष्ट सविस्तर सांगतो, कारण लोकांना तिच्यातला फक्त पगार आठवतो.

२००३ साली व्हर्जिनियातल्याच रोआनोक गावात जॉन मेलिया या जखमी होऊन निवृत्त झालेल्या मरीनने हे काम सुरू केलं. सुरुवात होती पाठीवरच्या पिशव्यांची. इराक-अफगाणिस्तानातून जखमी जवान इस्पितळात यायचे तेव्हा अंगावरच्या कपड्यांपलीकडे जवळ काही नसायचं. त्यांच्या खाटेशी मोजे, अंतर्वस्त्रं, दाढीचं सामान, गाणी ऐकायचं यंत्र भरलेली पिशवी ठेवायची. पुढे संस्था फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला गेली, नार्डिझी प्रमुख झाले. ते वकील, सैन्यात कधी नव्हते. टीव्हीवर जाहिराती सुरू झाल्या आणि पैशांचा पाऊस पडला. २०१५ मध्ये जमा ३७ कोटी डॉलरच्या वर गेली होती.

जानेवारी २०१६ मध्ये सीबीएस न्यूज आणि न्यूयॉर्क टाइम्स यांनी एकाच सुमारास बातम्या दिल्या. माजी कर्मचारी कॅमेऱ्यासमोर बोलले. बैठका आणि संमेलनांवरचा खर्च २०१० मधल्या १७ लाख डॉलरवरून २०१४ मध्ये २ कोटी ६० लाखांवर गेला होता, आणि युद्धाच्या मानसिक आघातातून सावरण्याच्या कार्यक्रमावर संस्था जवळपास तेवढाच खर्च करत होती. हे शेजारी शेजारी ठेवलेले दोन आकडे लोकांच्या जिव्हारी लागले. त्यात कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या ब्रॉडमूर या पंचतारांकित हॉटेलातलं २०१४ चं कर्मचारी-संमेलन, आणि तिथे दोराला लटकून उंचावरून खाली उतरत अवतरलेले नार्डिझी! असं दृश्य एकदा डोळ्यांपुढे आलं की हिशेबाची कुठलीही तळटीप त्याला पुरी पडत नाही.

संचालक मंडळाने बाहेरचे वकील आणि हिशेबतज्ज्ञ नेमले. त्यांच्या तपासणीनंतर मंडळ म्हणालं की काही आरोप चुकीचे आहेत. ब्रॉडमूरचा खर्च बातमीतल्या ३० लाखांच्या आसपास नव्हता, १० लाखांच्या थोडा खाली होता. तरी १० मार्च २०१६ ला नार्डिझी आणि त्यांचे दुय्यम अधिकारी अल जॉर्दानो या दोघांनाही घरी पाठवलं. जुलैमध्ये निवृत्त लेफ्टनंट जनरल मायकेल लिनिंग्टन आले, आधीच्यापेक्षा कमी पगारावर. पण देण्यांना ओहोटी लागली होतीच. सप्टेंबरात सुमारे ८५ कर्मचाऱ्यांना काढावं लागलं. संमेलनांची मजा करणारे वेगळे होते, नोकऱ्या गेल्या त्या इतरांच्या.

आता त्रैराशिक मांडू. ३७ कोटींच्या संस्थेत पावणेपाच लाख म्हणजे शंभर डॉलरमागे तेरा सेंटसुद्धा नाहीत. पगार निम्मा केला असता तर तुमच्या शंभरातले सहा-सात सेंट वाचले असते. म्हणून पगार बिनमहत्त्वाचा, असं मी म्हणत नाही. आपला पगार किती असावा याची लाज ज्याला राहिली नाही, त्याला हॉटेलच्या बिलाची कुठून राहणार? पगाराच्या आकड्यावरून घेणाऱ्याची वृत्ती कळते. गळती नेमकी कुठे आहे ते शोधायला मात्र पुढची पानं उलटावी लागतात.

"८० टक्के रक्कम थेट कार्यक्रमांवर" असं जाहिरातीत असतं. विश्वास ठेवायचा?

अर्धाच. हिशेबाचा एक नियम आहे: देणगी मागणाऱ्या पत्रात थोडी "जनजागृती" असेल, म्हणजे आघाताची लक्षणं ओळखा, शेजारच्या माजी सैनिकाची विचारपूस करा असा मजकूर, तर काही अटींवर त्या पत्राच्या छपाई-टपालाचा एक वाटा "कार्यक्रम" म्हणून दाखवता येतो. टीव्हीने फुकट दिलेली जाहिरातीची वेळसुद्धा एका बाजूला देणगी आणि दुसऱ्या बाजूला कार्यक्रमाचा खर्च म्हणून चढते. यात बेकायदा काही नाही. पण नाण्याचं पाकीट छापणं म्हणजे जवानाची सेवा, हे आजीला समजावून सांगता येणार नाही.

सिनेटर चक ग्रासली यांनी वूंडेड वॉरियरची चौकशी केली. २०१७ च्या त्यांच्या अहवालाने संस्थेच्या ८०.६ टक्क्यांच्या दाव्यावर याच कारणाने बोट ठेवलं. हे असले खर्च बाजूला काढले तर आकडा ६८ टक्क्यांच्या आसपास यायचा.

पगारावर कायद्याची मर्यादा नाही का?

आकड्याची नाही. अट आहे "वाजवी" या शब्दाची. तशाच आकाराच्या संस्थेत तशाच कामाला जे मिळतं ते वाजवी. त्याहून जास्त घेतलं तर १९९६ पासून तरतूद आहे: जादा घेतलेली रक्कम परत करायची, वर तिच्या २५ टक्के कर स्वतःच्या खिशातून भरायचा, आणि वेळेत परत केली नाही तर तो कर २०० टक्के. जाणूनबुजून मंजुरी देणाऱ्या संचालकांनाही थोडी झळ बसते.

ऐकायला कडक वाटतं. पण संस्थेने तीन गोष्टी केल्या की पगार वाजवी आहे असंच कर खातं धरून चालतं: हितसंबंध नसलेल्या संचालकांनी निर्णय घ्यायचा, इतर संस्थांचे पगार समोर ठेवायचे आणि ते इतिवृत्तात लगेच नोंदवायचं. इतर संस्थांचे पगार कोण जमवतं? संस्थेनेच पैसे देऊन नेमलेला सल्लागार. त्या सगळ्या संस्थाही असंच एकमेकींकडे बघत असतात. कुणालाच आपला प्रमुख "सरासरीपेक्षा खालचा" नको असतो, त्यामुळे सरासरी दरवर्षी वर सरकते. मी असल्या बैठकांची इतिवृत्तं वाचली आहेत. पगाराचा विषय चहाच्या आधी मांडलेला असतो आणि चहा यायच्या आत संपलेला.

२०१७ च्या करकायद्याने आणखी एक भर घातली. वर्षाला १० लाख डॉलरच्या वर जेवढा मोबदला जाईल त्यावर संस्थेने २१ टक्के कर भरायचा. सैनिकांसाठीच्या संस्थांपैकी बहुतेकींचे पगार त्या रेषेच्या खालीच असतात, त्यामुळे त्याची झळ विद्यापीठं आणि इस्पितळांना जास्त.

मग "देणगीतले इतके टक्के तरी कामावर खर्च कराच" असा कायदा का करत नाहीत?

राज्यांनी करून पाहिला. सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये आणि पुन्हा १९८८ मध्ये तो अडवला: देणगी मागणं हेही भाषणस्वातंत्र्य, टक्केवारीने त्याचा गळा आवळता येत नाही. पण खोटं बोलण्याला संरक्षण नाही, हे २००३ मध्ये एका माजी सैनिकांच्या संस्थेवरूनच ठरलं. इलिनॉयमध्ये व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांच्या व्हिएतनाऊ या संस्थेसाठी टेलिमार्केटर फोन करायचे. करारच असा की ८५ टक्के फोनवाल्यांचे. १९८७ ते १९९५ दरम्यान सुमारे ७१ लाख डॉलर जमले, त्यातले साधारण ११ लाख संस्थेला मिळाले. देणाऱ्यांना मात्र पैसे सैनिकांकडे जाणार असं सांगितलं जात होतं. कोर्टाने एकमताने सांगितलं की अशांवर फसवणुकीचा खटला चालवता येतो. प्रमुखाच्या पगारावरून रागावणाऱ्या प्रत्येकाला मी हा ८५चा आकडा ऐकवतो.

पगार आणि बाकीचा खर्च मला घरबसल्या कसा बघता येईल?

हा माझा आवडता प्रश्न. करमाफी असलेल्या संस्थांना दरवर्षी फॉर्म ९९० भरावा लागतो (चर्चना सूट आहे, वार्षिक जमा ५०,००० डॉलरपर्यंत असलेल्या चिमुकल्या संस्था फक्त एक पोस्टकार्डवजा नोंद करतात). तो जाहीर असतो. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर या वेबपानावर संस्थेचं नाव टाका, फुकट मिळतो. आकडे वर्ष-दीड वर्षं जुने असतात, तेवढं लक्षात ठेवा.

आधी भाग ७ उघडा. तिथे अधिकाऱ्यांची नावं, आठवड्याचे तास आणि मोबदल्याचे तीन रकाने असतात. लोक पहिला रकाना बघून थांबतात. दुसऱ्या रकान्यात त्याच माणसाला संबंधित भावंड-संस्थेकडून मिळालेले पैसे असतात, तिसऱ्यात पेन्शन, विमा वगैरे. तिन्हींची बेरीज करा. त्याच भागात खाली सगळ्यात मोठे पाच ठेकेदार असतात. पाकीट छापणारा बहुधा तिथे सापडतो.

कुणाला दीड लाखाच्या वर मिळत असेल तर शेड्यूल जे जोडलेलं असतं. त्याच्या अगदी वर चौकोन आहेत: पहिल्या वर्गाचा विमानप्रवास, सोबत्याचा प्रवास, घरभाडं, क्लबची वर्गणी, आणि मोलकरीण-ड्रायव्हर-स्वयंपाकी यांसारख्या खासगी सेवा. कोणत्या चौकोनात खूण आहे ते पाहा. मला विचाराल तर पगाराच्या आकड्यापेक्षा या खुणा जास्त बोलक्या.

मग भाग ६ची १५वी ओळ, पगार स्वतंत्र लोकांनी ठरवला का. भाग ९ची २६वी ओळ, वर सांगितलेला तो "जनजागृती"चा संयुक्त खर्च. शेड्यूल जी म्हणजे निधी जमवणाऱ्या कंपन्या: किती जमवले आणि त्यातले किती ठेवून घेतले. आणि शेड्यूल एल, संचालकांचे नातेवाईक आणि त्यांच्या धंद्यांशी झालेले व्यवहार. चहाचा एक कप संपेपर्यंत एवढं होतं.

यातला सगळ्यात वाईट प्रकार कोणता?

मोठा पगार नव्हे. ज्याचा पगार त्यानेच ठरवला, तो.

रॉजर चॅपिन यांनी १९७१ मध्ये हेल्प हॉस्पिटलाइज्ड व्हेटरन्स ही संस्था काढली. इस्पितळातल्या सैनिकांना वेळ घालवायला हस्तकलेचे संच पाठवायचे. कल्पना चांगलीच होती. पुढे याच गृहस्थांची जखमी सैनिकांसाठी दुसरीही संस्था निघाली. जानेवारी २००८ मध्ये संसदेच्या समितीपुढे त्यांना उभं राहावं लागलं. तिथे हेही बाहेर आलं की निवृत्त जनरल टॉमी फ्रँक्स यांना पत्रांवर नाव वापरू दिल्याबद्दल १ लाख डॉलर दिले होते. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या तेव्हाच्या अॅटर्नी जनरल कमला हॅरिस यांनी पहिल्या संस्थेवर आणि तिच्या अधिकाऱ्यांवर दावा लावला: अवाच्या सवा मोबदला, गोल्फ क्लबची सदस्यत्वं, वॉशिंग्टनजवळचा फ्लॅट. २०१३ मध्ये सुमारे २५ लाख डॉलरवर तडजोड झाली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी हा शब्दप्रयोग मी सहसा वापरत नाही. इथे दुसरा सुचत नाही.

लहान प्रमाणावर मीही हात पोळून घेतलाय. इथे नवीन असताना जेवणाच्या वेळी फोन आला, पलीकडे खर्जातला, थकलेला आवाज. पन्नास डॉलर दिले. पुढे या धंद्यात पडल्यावर एका रात्री सहज त्या संस्थेचा ९९० काढला. संचालक तीन, त्यातल्या दोघांचं आडनाव एक. नवरा अध्यक्ष, बायको खजिनदार, मुलगा "वेबसाइट सल्लागार". तिघांना मिळून जेवढं जात होतं तेवढं वर्षभरात एकाही सैनिकाला गेलं नव्हतं. नाव लिहीत नाही. संस्था आता बंद आहे. बायको अजून विचारते, "त्या पन्नास डॉलरची पावती ठेवलीयेस का?" ठेवलीये.

म्हणजे प्रमुख पगार घेत नसेल ती संस्था चांगली?

तसंही नाही. यूएस नेव्ही व्हेटरन्स असोसिएशन आठवते? फ्लोरिडातल्या टँपाची. बॉबी थॉम्पसन नावाने वावरणारा तोतया, फोनवर सुमारे १० कोटी डॉलर जमवले, संचालक बहुतांश कागदावरचे. २०१० मध्ये त्याच भागातल्या वृत्तपत्राने त्याला उघडं पाडलं, २०१२ मध्ये तो पकडला गेला, २०१३ मध्ये त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. चोर पगाराच्या रकान्यात नाव घालत नाही.

उलट नीट पगार देऊन नेमलेला प्रमुख दहा वर्षं टिकतो, हिशेब चोख ठेवतो, असंही मी पाहिलंय.

संस्थांना गुण देणाऱ्या चॅरिटी नॅव्हिगेटरचे तारे बघितले तर पुरे ना?

सुरुवातीला ठीक. पण तारे बऱ्याच अंशी संस्थेने स्वतः भरलेल्या फॉर्मवरूनच ठरतात. चॅरिटीवॉच ही गुण देणारी दुसरी संस्था संयुक्त खर्च वेगळा काढून मोजते, म्हणून एकाच संस्थेला एकीकडे शाबासकी आणि दुसरीकडे नापास असं होऊ शकतं. दोन्ही बघा आणि फरक पडला तर का पडला ते ९९० मध्ये शोधा.

नेमकं कुणाला द्यावं?

नावांची यादी देत नाही, उद्या त्यातलं एखादं बदनाम झालं तर गणपतीत तोंड लपवावं लागेल. माझा कल ज्यांचं काम बोटाने दाखवता येतं त्यांच्याकडे. फिशर हाउस घ्या. झॅकरी फिशर या न्यूयॉर्कच्या बांधकाम व्यावसायिकाने १९९०च्या सुमारास सुरू केलेली कल्पना: लष्करी इस्पितळाच्या आवारात घर बांधायचं, तिथे जखमीचे आईवडील, बायको-मुलं फुकट राहतात. घर आहे की नाही, जाऊन बघता येतं.

भारतात पैसे द्यायचे असतील तर हाच पगाराचा प्रश्न येतो का?

ध्वजदिन निधीत येत नाही. ७ डिसेंबरला छातीला टोचायचा तो कागदी झेंडा, १९४९ पासून चालू आहे. निधी केंद्रीय सैनिक बोर्डाकडे, म्हणजे संरक्षण मंत्रालयाखाली. महाराष्ट्रात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं गोळा करतात. अधिकारी सरकारी पगारावर. बिगरसरकारी धर्मादाय ट्रस्ट असेल तर तो धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असायला हवा, आणि वार्षिक हिशेबाच्या परिशिष्ट ९ मध्ये विश्वस्तांच्या मानधनाची वेगळी ओळ असते. ती ओळ मागून घ्या. पुण्याच्या लोकांसाठी आणखी सोपं: खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर चाकाच्या खुर्चीवरच्या जवानांसाठी आहे. आधी बघून या, मग द्या.

आणि ते पाकिटातलं नाणं? पैसे द्यायचे नसतील तर परत पाठवावं लागतं का?

नाही. न मागता टपालाने आलेली वस्तू अमेरिकन कायद्याने तुमची भेट. लेबलं वापरा, कॅलेंडर भिंतीला लावा. नाणी मी दिवाळीच्या सुट्टीत नातवंडांना पत्त्यांच्या डावासाठी काढून ठेवतो. आजवर एक डालडाचा डबा भरत आलाय.